डावीकडचे पळस

यंदाही पळस फुललाच. मला उगीच वाटत होतं की यंदा तो चुकेल. आंबा नाही का, एक वर्ष येतो आणि एक वर्ष दांडी मारतो, मग पळसालाच काय धाड भरली होती? पण नाही. परवा नागपूरहून बसने परत येताना केळझर सुटलं आणि उजव्या हाताच्या खिडकीतून तो दिसला. पानं झडून गेलेली, खोडं काळीकुट्ट, आणि वर केशरी पोपटचोचींची नुसती झुंबड. पुढच्या सीटवरच्या बाईने मोबाइल काचेला लावून फोटो काढले, मागे वळून मला म्हणाली, "किती सुंदर नं!" मी मान हलवली. सुंदर आहेच, नाही कोण म्हणतं. पण हा फुलला की आमच्या घरी त्याचं पुढे काय करायचं, हे बसमधल्या बाईला कसं सांगणार?

घरी पोचले तर कुंदा दिवाणावर उशीला टेकून बसली होती. मी चपला काढेपर्यंतही तिला दम नव्हता.

"फागण लागला ना वो वहिनी?"

"लागला."

"आन पळस?"

"फुलला."

"मग पाट काढजो माळ्यावरून."

पाट म्हणजे जेवायला बसायचा नव्हे. सागवानी फळीवर सुताराकडून घोड्याच्या नालासारखी खोबण कोरून घेतलेली आहे. माळ ओवायच्या आधी तिच्यातले मणी या खोबणीत मांडून पाहायचे, कोण कुठे शोभतो ते ठरवायचं, आणि मनासारखं जमलं की मगच दोरा हातात घ्यायचा. मांडायचं काम कुंदाचं आणि ओवून गाठी मारायचं माझं, अशी आमच्या घरची वाटणी. "काढते," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. पाट काढायला माझा हात वर जात नव्हता. का, ते ओळीने सांगणं मला जमायचं नाही. कुंदा म्हणतेच, वहिनीचं बोलणं म्हणजे सांडलेली मण्यांची डबी.

कुंदा माझी नणंद. हिंगणघाटहून लग्न होऊन मी वर्ध्याच्या या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. दोन वेण्या, गुडघे फुटलेले, आणि कोपरापर्यंत हात शेणात. होळी जवळ आली होती. आमच्या भागात होळीसाठी पोरं शेणाच्या चाकोल्या करतात. चपट्या टिकल्या थापायच्या, मधे भोक पाडायचं, वाळल्या की सुतळीत ओवायच्या आणि तो हार होळीत टाकायचा. बाकीची पोरं गोल गोल थापून मोकळी होत. हिची मात्र प्रत्येक चाकोली निराळी. एक चंद्र, एक पळसाचं पान, एक बाभळीची शेंग, एकीवर तर चिमणीच्या पायाचा ठसा. मी नवी नवरी, तरी राहवलं नाही. म्हटलं, "जळूनच जाणार हाय ना हे? मग एवढी मेहनत काऊन?"

ती मान वर न करता म्हणाली, "जळाच्या आंधी कोणीतरी पाहीन ना."

त्या वर्षी तिने एक हार होळीत टाकलाच नाही. लपवून ठेवला आणि धुळवडीला गळ्यात घालून गल्लीभर मिरवली. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "होळीचं होळीले द्या लागते, पोट्टे! शेण गळ्यात घालून हिंडते, उद्या कोण करीन तुले?" केलं एकाने, पण ते काही टिकलं नाही. लहानग्या राणीला कडेवर घेऊन कुंदा माहेरी परत आली ती कायमची. मग एका दुपारी परसातली माती कालवून मणी वळायला बसली. मी शेजारी बसून ते वाळत घातले. आमचा धंदा तिथून सुरू झाला, कोणी नारळ फोडला नाही की फीत कापली नाही.

भाजलेल्या मातीचे मणी, पितळेची तार आणि सुती दोरा, एवढंच आमचं सामान. पण डिझाइन कुठून आणायचं? पुस्तकांतून नाही. ती स्कूटीवर मागे बसायची, मी चालवायची, आणि आम्ही जिल्हा पालथा घालायचो. प्रवास हा शब्द आमच्या हिंडण्याला जरा मोठाच होतो. लोक नवं काही सुचावं म्हणून राजस्थानला जातात, समुद्रावर जातात. आम्ही पुलगावला जायचो. डबा घ्यायचा, पाण्याची बाटली घ्यायची, आणि कुंदा "थांब" म्हणाली की ब्रेक दाबायचा. तिचं "थांब" कधी येईल याचा नेम नसे. एकदा ऐन उतारावर आलं. मी कशीबशी गाडी सांभाळली, चार शिव्या घातल्या, मागे पाहते तर ही खाली उतरून गुराच्या खुराने चिखलात उमटलेली नक्षी पाहत उकिडवी बसलेली.

पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोच्या कुंपणावर गुंजेची वेल चढली होती. शेंगा उकललेल्या, आत लालकाळे दाणे ओळीने बसलेले. कुंदा वही काढून कुंपणाला नाक लावून चितारायला लागली. आतून पहारेकऱ्याने आवाज दिला, "ओ मॅडम, क्या कर रहे हो?" ही म्हणते, "कुछ नाई भैया, तुमारी बेल देख रही हूँ." त्याला वाटलं असेल, एक तर ही हेर आहे नाही तर वेडी. मी हात जोडून तिला ओढत आणली. त्या वेलीवरून तिने कर्णफुलं केली, अर्धवट उघडलेली शेंग आणि आत लाल ठिपके. नागपूरच्या प्रदर्शनात ती पहिल्याच दुपारी संपली.

हिंगणघाट तर माझं माहेर. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या. त्या रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर कापूस अडकून राहतो, काट्याकाट्यावर पांढरा पुंजका. मी तो रस्ता हजारदा तुडवला असेल आणि मला त्यात फक्त वाया गेलेला कापूस दिसला. कुंदाने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती कितीतरी वेळ गाडीवरून उतरलीच नाही. मग म्हणाली, "पाय ना वहिनी, काट्याले बी कोणीतरी नटवलं." त्याची तिने नथ केली. पितळेचा बाकदार काटा आणि टोकाला दोऱ्याचा गोंडा. कोणी ती घालेल असं मला वाटलं नव्हतं. बायकांनी घातली.

आणि फागणात केळझर. ठरलेलंच. गणपतीचं दर्शन, टेकडीवर डबा, मग पायथ्याच्या मोहाखाली. सकाळी मोहाची फुलं पडलेली असत, ओलसर पिवळट मोत्यांसारखी. ती ओंजळीत घेऊन कुंदा म्हणायची, आपले मणी याच्यापुढं अजून कच्चे हाय. येताना पळस. पळसाच्या कळीवरचं ते काळपट मखमली टोपण तिला फार आवडे. केशरी रंगाचं सगळेच कौतुक करतात, म्हणायची, पण तो काळा नसता तर केशरी एवढा बोलला असता का?

तिचा एक नियम होता आणि तो तिने मला इतक्यांदा ऐकवला की पाठ झाला. हाताने वळलेले दोन मणी कधी सारखे नसतात. मग माळेच्या दोन बाजू कशा जुळवायच्या? मोजून मापून जुळवल्या तर माळ मेल्यासारखी दिसते, आणि न जुळवता ओवली तर गबाळी. कुंदा म्हणायची, "डावं-उजवं भाऊबहीण पाहिजे. जुळे नाई, भाऊबहीण." म्हणजे नाकडोळे एकाच घरचे दिसावेत, पण चेहरा ज्याचा त्याचा असावा. पाटावर मणी मांडताना ती याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवी. उजवीकडे एक मणी ठेवायचा, डावीकडे त्याचा भाऊ शोधायचा. नाही सापडला तर पहिला मणी काढायचा. मला हे कधी जमलं नाही. मी लावलेली जोड पाहून ती हसायची, म्हणायची, हे दोघं एकमेकाले वळखत बी नाई वहिनी.

मग एका सकाळी तोंड धुताना तिच्या हातातून तांब्या पडला. डाव्या अंगावरून वारं गेलं.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. बोलणं स्वच्छ, स्मरणशक्ती पूर्वीसारखी, उजवा हात चांगला. डावा हात आणि पाय गेले होते, पण कुंदाची कला तर उजव्या हातात आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. देवाने निदान एवढी तरी दया केली म्हणत होते. मला काय ठाऊक!

पहिल्यांदा लक्षात आलं ते जेवताना. ताटातला उजवीकडचा भात-वरण संपवून ती म्हणाली, "वहिनी, भाजी नाई केली का आज?" भाजी डावीकडे तशीच होती. मला वाटलं थट्टा करते आहे. मी ताट फिरवलं तर म्हणते, "हे कवा वाढलं?" डॉक्टरांनी मग तिला घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल काढला आणि सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. फूल काढायला सांगितलं. कुंदाला फूल! तिने देठ काढला, मधलं बोंड काढलं, उजवीकडच्या पाकळ्या अशा काढल्या की डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. डावीकडे काही नाही. कागद पुढे सरकवून म्हणाली, "झालं."

डोळे चांगले आहेत, बाईंनी मला बाहेर नेऊन समजावलं. डोळ्यांना डावीकडचं दिसतं, पण मेंदू त्याची दखलच घेत नाही. तिच्यासाठी जगाला डावी बाजूच उरलेली नाही, आणि ती नाही हेही तिला कळत नाही. मी विचारलं, भरून येईल ना? त्या म्हणाल्या, काहींचं येतं. पहिल्या काही महिन्यांत यायचं तेवढं येतं. ते महिने मी देवासारखे पुजले. डाव्या बाजूला लाल दोरा बांधायचा आणि तो दिसेपर्यंत मान वळवायला लावायची, असा व्यायाम होता. "दोरा शोध कुंदा," "दोरा दिसला का?" हे माझ्या तोंडून इतक्यांदा निघालं की शेजारी पोपट असता तर शिकला असता. कधी सापडायचा, बहुतेकदा नाही. महिने सरले. डॉक्टरीणबाई पुढच्या खेपेला जास्त बोलल्या नाहीत, यावरून मी समजले.

आता घरात सगळं उजवीकडे आहे. औषधं, पाणी, टीव्ही, येणारा पाहुणा. मी चुकून तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले तर हातभर अंतरावरून ती हाका मारते, "वहिनी कुठं गेली वो?" सुरुवातीला मला रडू यायचं. मग सवय झाली, आणि ही सवय झाली याचंच मला जास्त वाईट वाटतं.

एका फागणात मी एकटीच केळझरला गेले होते. म्हटलं, आपण इतकी वर्षं हिच्याबरोबर हिंडलो, काहीतरी डोळ्यांत उतरलं असेल. मोहाखाली बसले, पळसाखाली बसले. पळस म्हणजे पळस आणि मोह म्हणजे मोह, याच्यापुढे माझी गाडी सरकेना. पिशवीभर फुलं घेऊन आले, ती काळी पडली, टाकून दिली. प्रदर्शनवाल्यांचे फोन यायचे, तेही हळूहळू थांबले.

गेल्या वर्षी राणीचं लग्न ठरलं. मुलगा पुलगावचा, साधा, चांगला. बोलणी झाली त्याच दिवशी कुंदाने जाहीर केलं, "राणीची माळ मी करीन. पळसाची." राणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कर की." आणि खरं सांगते, आत कुठेतरी विझलेलं पेटलं. माझ्या मनाने घेतलं की पोरीची माळ म्हटल्यावर हिचं मन डावीकडे वळेल. एवढ्या कामापुरतं तरी वळेल. आईचं मन मेंदूचं ऐकत बसतं का? असले मूर्ख विचार माणूस करतो आणि त्यांच्यावर दिवसच्या दिवस जगतो.

"पण आंधी पळस पाह्यला पाहिजे," कुंदा म्हणाली. "घरी बसून माळ नाई होत."

आमच्या गल्लीतल्या मेश्राम भाऊंचा ऑटो ठरवला. त्यांनी आणि राणीने तिला उचलून बसवलं, मी तिच्या उजवीकडे बसून तिला धरलं. सेलूपर्यंत ती पोरीसारखी गात होती. पुढे पळसांची ती रांग लागली, रस्त्याच्या डाव्या हाताला, शेंड्यापासून बुडापर्यंत पेटलेली. कुंदा उजवीकडे पाहत होती. तिकडे कापूस वेचून उलंगलेली पऱ्हाटी, वाळकं शेत आणि बांधावर बाभळी. बाभळीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या.

"थांब," ती म्हणाली. किती वर्षांनी! भाऊंनी ऑटो थांबवला. "शेंगा पाय वहिनी. लहानपणी आमी पैंजण करू ना याचे? राखाडी मणी, मधात बारीक, मग पुन्हा मणी. तयारच माळ हाय."

"आन पळस?" मी विचारलं. "इकडे पाय ना कुंदा. दोरा शोध. डावीकडे."

तिने मान थोडी वळवली, आणि ती आपली परत आली. "यंदा फुलले नाई वाटते अजून," ती म्हणाली. मेश्राम भाऊ आरशातून मला पाहत होते. त्यांच्या डाव्या खांद्याशी पळसाची फांदी जवळजवळ आत आली होती. "काकू, चला पुढं," ते हळूच म्हणाले.

केळझरला गणपतीपुढे मी काय मागितलं ते सांगत नाही. परत फिरलो. आणि तीच रांग आता उजव्या हाताला आली. कुंदाने माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. "माय वो! वहिनी! हे काय! जाताना तं एक बी नव्हता, एवढ्यात कुठून आले?"

मेश्राम भाऊ हसले. मीही हसले. कुंदा बाहेर झुकून पाहत होती, तिच्या तोंडावर ते जुनं भूक लागल्यासारखं काहीतरी होतं, आणि मला वाटलं, चला, आलं. एवढा पळस हिच्यापर्यंत पोचला, आता डावं-उजवं सगळं पोचेल. बाभळी आता डावीकडे गेल्या होत्या आणि तिच्यासाठी जगातून गेल्या होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मणी तिने राणीकडून वळून घेतले. कसे हवेत ते एकेक सांगत होती, बोट लावून दाबून दाखवत होती. काळपट टोपणाचे, केशरी चोचीचे, आणि शेंगेचे राखाडी चपटे. भाजून झाले आणि एका सकाळी ती पाटावर बसली. मी मुद्दाम डावीकडे खोबणीच्या टोकाला लाल दोरा बांधला होता. तिने मधला मोठा मणी ठेवला आणि उजवीकडे निघाली. एक काळा, दोन केशरी, एक बारीक काळा. मी इतकी वर्षं तिचं काम पाहिलं आहे, पण अशी ओळ पाहिली नव्हती. उघड्या डहाळीवर पळस उमलत जावा तसे मणी लहान होत होत वर गेले. टोकाला पोचली, मागे टेकली आणि म्हणाली, "झाली."

खोबणीचा डावा अर्धा भाग रिकामा होता.

मग मला सुचलं ते किती सोपं होतं! जेवताना ताट फिरवतो, तसा पाटच फिरवायचा. रिकामी बाजू तिच्या उजवीकडे आणायची, म्हणजे तीच तिच्या हाताने दुसरी बाजू भरेल. दुपारच्या झोपेनंतर मी पाट फिरवून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "कुंदा, थोडं राह्यलं हाय." तिने रिकामी खोबण पाहिली. मला म्हणाली, "मी तं सकाळी केली होती?" आणि मग खांदे उडवून पुन्हा कामाला लागली. मी शेजारी बसून पाहत होते. पण तिच्या हातात राखाडी मणी होते. एक चपटा, एक बारीक, एक चपटा. ती बाभळीची शेंग करत होती. पळसाची बाजू आता डावीकडे गेली होती, म्हणजे नव्हतीच. जोड कोणाशी लावणार? तिने अगदी मन लावून दुसरी माळ सुरू केली होती.

शेंगही अप्रतिम झाली. तेच तर दुःख. दोन्ही बाजू अशा की कोणीही पाहत राहावं, आणि मधल्या मण्याच्या अल्याड-पल्याड त्यांची तोंडओळखही नाही. जातानाचा रस्ता एका बाजूला आणि येतानाचा दुसऱ्या. तो रस्ता एकच होता हे फक्त मला माहीत.

मी पुन्हा फिरवून पाहिला. तिने पळसाची बाजू पाहिली, म्हणाली, "हे तं झालं ना." पुन्हा फिरवला. शेंग पाहिली, म्हणाली, "हे बी झालं." चिडली. मग मी बंद केलं. ज्या आशेवर लग्न ठरल्यापासून तरंगत होते ती त्या दुपारी बुडाली, आणि ती पुन्हा वर आलेली नाही.

"मी एक बाजू बदलू का?" मी राणीला विचारलं. "पळसाची जोड लावायचा प्रयत्न करते."

"नाई मामी," राणी म्हणाली. "आईनं मांडली तशी ओवा." मी तशीच ओवली.

लग्नाच्या सकाळी हॉलवर निघायच्या आधी राणी आईच्या पाया पडायला आली. मी माळ तिच्या गळ्यात अशी घातली होती की समोर बसलेल्या कुंदाच्या उजव्या हाताला पळस यावा. तेवढी हुशारी मला आली होती. राणी वाकली. कुंदाचा हात वर आला. तो आधी माळेकडे गेला आणि मग लेकीच्या गालाकडे, तिचं नेहमीचंच. "लय साजरी दिसून राह्यली माही पोर," ती म्हणाली. मण्यांवरून बोटं फिरवत होती. बारीक काळा, केशरी, केशरी, काळा. मधला मोठा मणी आला. बोटं त्याच्या पलीकडे गेली.

आणि थांबली.

डोळ्यांना जे कळत नव्हतं ते बोटांना कळलं. तिने तो राखाडी मणी चिमटीत धरला, मग पुढचा, मग सगळी माळच राणीच्या गळ्याभोवती ओढून फिरवली. पळस मानेमागे गेला आणि शेंग तिच्यासमोर आली.

"हे काय हाय?" तिने विचारलं. "पळसाच्या माळेत बाभूळ कोणं घातली?"

राणीने तोंड उघडलं, मी तिच्याकडे पाहिलं, तिने मिटलं.

"वहिनी, तू लावली ना ही बाजू? खरं सांग."

मी तिच्या उजवीकडे उभी होते, पळायला जागा नव्हती. "हो," मी म्हटलं. "मीच लावली."

"मले वाटलंच." माळ न सोडता ती म्हणाली, "किती वर्षं सांगून राह्यली मी तुले, डावं-उजवं भाऊबहीण पाहिजे. हे भाऊबहीण हाय का? हे तं शेजारी बी नाई! माह्या पोरीच्या लग्नात, वहिनी? माह्या पोरीच्या गळ्यात?"

आणि ती रडली. हातपाय गेले तेव्हा रडली नव्हती, घड्याळाच्या वेळी नव्हती. माझ्या चुकीसाठी ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली, आणि मी "चुकलंच माझं, कुंदा, चुकलंच" म्हणत तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी तिने पदराने तोंड पुसलं. "जाऊ दे. आता उसवाले वेळ नाई," ती म्हणाली. "पुढच्या फागणात तुले पाटावर बसवीन. जोड लावाले शिकल्याबिगर मी तुले सोडत नाई."

राणी ती माळ अजून घालते. लग्नाचे फोटो पाहून नागपूरच्या एका बाईंचा फोनही आला, तसलीच माळ हवी म्हणाल्या, दोन बाजू दोन तऱ्हेच्या, आजकाल तीच फॅशन आहे. मी म्हटलं, तशी पुन्हा होत नाही.

तर पळस फुलला. चहा झाल्यावर मी स्टुलावर चढून पाट काढला, धूळ पुसली, तिच्यापुढे ठेवला. लाल दोरा अजून टोकाला बांधलेला होता, तो सोडून टाकला. आता तो कशाला? राणीच्या वेळचे उरलेले मणी वाटीत काढले. जिला जोड दिसतच नाही ती बाई मला जोड लावायला शिकवणार आहे. मी उजवीकडे मणी ठेवीन, डावीकडे त्याचा भाऊ शोधीन, आणि सापडला तरी ती तो पाहू शकणार नाही. तरी चुकला म्हणून रागावेल, किंवा रागावणारही नाही. दोन्हींतलं कोणतं बरं, हे मला ठरवता येत नाही.

वाटी घेऊन मी दिवाणापाशी आले.

"वहिनी, कुठं गेली वो?" कुंदाने हाक मारली. "मणी आणते म्हणे आन गायब झाली."

मी तिच्या डाव्या अंगाला उभी होते, तिचा पदर माझ्या हाताला लागत होता.

"आली," म्हटलं, आणि दिवाणाला वळसा घालून तिच्या उजवीकडे जाऊन बसले.